ओपनटून्झ: गावात बसून जपानी अ‍ॅनिमेशनची चाल पकडता येते का?

ओपनटून्झ हे हाताने काढलेल्या चित्रांच्या अ‍ॅनिमेशनसाठीचं मोफत सॉफ्टवेअर आहे. मूळ टून्झ इटलीतल्या डिजिटल व्हिडिओ या कंपनीचं. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने १९९७च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’साठी ते वापरायला घेतलं आणि पुढे आपल्या कामाच्या रीतीप्रमाणे त्यात भर घातली. मार्च २०१६मध्ये द्वांगो या जपानी कंपनीने त्या भरीसकट ते सगळ्यांसाठी खुलं केलं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, पैसे पडत नाहीत, त्यात केलेलं काम विकायलाही आडकाठी नाही.

हे परीक्षण एकाच प्रश्नापुरतं आहे. यवतमाळ, वाशीम, भंडारा, गडचिरोलीकडची कितीतरी मुलं मोबाइलवर जपानी अ‍ॅनिमे बघतात आणि वहीच्या मागच्या पानावर तशी चित्रं काढतात. डोळे, केस, कपाळावरचा घामाचा थेंब, सगळं जमतं. चित्र हललं की मात्र ते जपानी वाटत नाही. तर परक्या माणसाला, तेही तालुक्यापासून लांबच्या गावात, या सॉफ्टवेअरवर ती चाल खरी उतरवता येईल का? आमचं मत आहे, येईल. ओपनटून्झ त्या कामाला पुरून उरतं. शिकायला मात्र अवघड आहे, आणि त्यातल्या ज्या सोयी नव्या माणसाला सगळ्यात जास्त भुरळ घालतात, त्याच नक्कल बिघडवतात.

‘परक्यांना जमणारच नाही’ हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. अनेक जपानी मालिकांची मधली चित्रं (दोन मुख्य चित्रांमधली हालचाल भरणारी) आणि रंगकाम वर्षानुवर्षं कोरिया आणि फिलिपिन्समध्ये होत आलं आहे. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेली ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ जपानी वळणाची वाटते, तिची चित्रं कोरियातल्या स्टुडिओंनी काढली. उलट दिशेचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. १९९२चा ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्या पुढाकाराने झाला, दिग्दर्शकांत आपले राम मोहन होते. कथा, धोतर, नमस्काराची पद्धत इथली, आणि हालचालीची मोजणी जपानी. ही मोजणी शिकता येते, आणि तीच शिकायची आहे. जपानी टीव्ही मालिकांना ती लागली टंचाईतून. १ जानेवारी १९६३ला तेझुका ओसामू यांची ‘तेत्सुवान आतोमू’ दर आठवड्याला अर्धा तास दाखवायला सुरुवात झाली तेव्हा तेवढी चित्रं काढायला माणसं नव्हती, पैसा नव्हता. मग एक चित्र तीन-तीन फ्रेम (पडद्यावर सेकंदाला अशा २४ चौकटी जातात) धरणं, पूर्ण थांबणं, फक्त तोंड हलवणं, एकदा काढलेला तुकडा पुन्हा वापरणं, हे सगळं सुरू झालं आणि त्याचीच पुढे शैली झाली. टंचाईतून निघालेली ही रीत दोन-तीन जणांच्या गटाला फार सोयीची आहे.

ओपनटून्झमध्ये या रीतीचं काळीज म्हणजे एक्सशीट, कोणतं चित्र कोणत्या फ्रेमला दिसणार ते मांडायचा तक्ता. वरून खाली फ्रेम, डावीकडून उजवीकडे थर. जपानी कागदी टाइमशीटही अशीच उभी असते आणि एका पानावर ६ सेकंद, म्हणजे २४च्या हिशेबाने १४४ फ्रेम मावतात. नवीन आवृत्तीत आडवी टाइमलाइनही आहे; ती बंद ठेवा. उभ्या शीटवर कुठे थांबलं आणि किती थांबलं हे एका नजरेत दिसतं, आणि थांबणं हाच इथला मुख्य प्रकार आहे.

एक शॉट मोजून बघू. एसटीच्या थांब्यावर आजी बसली आहे, लांबून गाडीचा आवाज येतो, ती मान वळवते आणि बोलते. ५ सेकंद, १२० फ्रेम. सगळ्यात खाली थांब्याचं चित्र. ए थरावर आजीचं धड, १ चित्र, १ ते १२० फ्रेम जसंच्या तसं. बी थरावर डोकं, ४ चित्रं: पहिलं १ ते ४८ फ्रेम धरायचं, दुसरं ४९ ते ५१, तिसरं ५२ ते ५४, चौथं ५५पासून शेवटपर्यंत. सी थरावर डोळ्यांची उघडझाप, २ चित्रं, अर्धे मिटलेले आणि पूर्ण मिटलेले, आणि ती मान वळतानाच झाली पाहिजे. डी थरावर तोंड, ३ चित्रं, ७३ ते १०८ फ्रेममध्ये तीन-तीनवर, म्हणजे दर तीन फ्रेमला चित्र बदलत. ई थरावर पदराचं टोक, ३ चित्रांचं चक्र, तेही तीन-तीनवर. एकूण १३ चित्रं. हाच शॉट सगळी आजी दर दोन फ्रेमला नव्याने काढून केला तर ६० चित्रं लागतील, आणि तो जपानी वाटणार नाही.

यातली मेख दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रात आहे. मान वळण्याच्या वाटेचे तीन सारखे भाग करून ती चित्रं मधे ठेवली तर मान यंत्रासारखी फिरते. दुसरं चित्र निम्म्याच्या पुढे आणि तिसरं शेवटच्या चित्राला जवळजवळ खेटून ठेवा. मान झटकन जाते आणि मुक्कामावर येऊन सावकाश बसते. शिवाय मधल्या चित्रात डोकं सरळ रेषेत न नेता हनुवटी थोडी खाली घालून कमानीतून न्यायची. जपानी मुख्य चित्रकार कागदाच्या कडेला एक रेघ ओढून तिच्यावर खुणा करतो, मधलं चित्र कुठे पडायचं ते मधली चित्रं काढणाऱ्याला त्यावरून कळतं. ही रेघ दर मुख्य चित्रावर ओढायची सवय लावा, काम दुसऱ्याच्या हाती देता येईल ते तिच्यामुळेच.

सगळी चित्रं आधी एक-एक फ्रेमची येतात. ती निवडून सेल्स मेन्यूतल्या रीफ्रेममधून दोनवर किंवा तीनवर टाकायची. सगळा शॉट आंधळेपणाने तीनवर टाकू नका. पळणं, मारामारी, पाण्याचे शिंतोडे दोनवर. बोलणं, पदर, झाडाची फांदी तीनवर. डोळ्याची उघडझाप दोनवर. एकाच शॉटमध्ये थरागणिक वेगळी मोजणी चालते, किंबहुना तीच जपानी पडद्याची ओळख आहे.

आता घात कुठे होतो ते. ओपनटून्झमध्ये व्हेक्टर (गणिती रेषांच्या) चित्रांच्या मधली चित्रं आपोआप काढणारी सोय आहे, आणि चित्रावर जाळी टाकून ते कठपुतळीसारखं वाकवणारं प्लास्टिक टूल आहे. दोन्ही उत्तम चालतात आणि दोन्हींमधून तरंगणारी, तेलकट हालचाल निघते, कारण दर फ्रेमला चित्र थोडं थोडं सरकत राहतं, कुठे थांबतच नाही. नवशिक्यांच्या ‘अ‍ॅनिमे’त हात-पाय पाण्यात असल्यासारखे हलतात त्याचं कारण बहुतेक हेच. प्लास्टिक टूल झाडाच्या फांदीला किंवा लांबच्या बैलाच्या शेपटीला वापरायचंच असेल तर फंक्शन एडिटरमध्ये (हालचालीचे आकडे बदलायच्या खिडकीत) त्या हालचालीची पायरी ३ करा, म्हणजे ती तीन-तीन फ्रेमने उडी घेईल.

दुसरा नेहमीचा दोष बैलबंडीच्या शॉटमध्ये दिसतो. बैल जागेवरच चालतात आणि मागचं वावर सरकतं. पायांचं चक्र तीनवर आणि मागचं चित्र दर फ्रेमला सरकत असेल तर खूर जमिनीवर घसरतात. मागच्या चित्राचीही पायरी तीन करा, नाहीतर पाय दिसू देऊ नका. जपानी दिग्दर्शक बहुतेक वेळा दुसरा मार्ग घेतो, आणि इथे तो फारच सोपा आहे: पुढे कमरेएवढी तूर किंवा पऱ्हाटी काढा, पाय झाकले जातील, मग वशिंड आणि शिंगं फक्त वरखाली डोलवायची. पाय दाखवायचेच असतील तर चारही पायांची लय वेगळी धरून १२ चित्रांचं चक्र करा. तीनवर ते ३६ फ्रेमचं, दीड सेकंदाचं होतं आणि भरल्या बंडीच्या बैलाला तो वेग शोभतो.

मधली चित्रं काढायला ओपनटून्झमधली शिफ्ट अँड ट्रेस ही सोय मात्र मनापासून वापरावी. आधीचं आणि नंतरचं मुख्य चित्र सरकवून, फिरवून एकमेकांवर बसवता येतं, म्हणजे दोन्ही डोकी जवळजवळ एकावर एक येतात आणि मधे नवं डोकं काढणं सोपं होतं. कागदावर काम करणारे जपानी कलाकार कागद तो जागेवर धरणाऱ्या खुंट्यांवरून काढून सरकवतात आणि अगदी हेच करतात. कांद्याच्या पापुद्र्यासारखं मागचं-पुढचं चित्र दाखवणारी ओनियन स्किनही आहे, पण मोठ्या हालचालीत चेहऱ्याचा आकार बिघडू नये म्हणून शिफ्ट अँड ट्रेसला पर्याय नाही.

रेघ आणि रंग यांत हे सॉफ्टवेअर मोफत सॉफ्टवेअरांत आम्हाला सगळ्यात वरचं वाटतं. कारण टून्झ रास्टर या प्रकारात रेघ आणि भरलेला रंग वेगवेगळे नोंदले जातात आणि दोन्ही पॅलेटच्या (रंगांच्या यादीच्या) क्रमांकाला बांधलेले राहतात. आजीच्या लुगड्याचा हिरवा पॅलेटमध्ये एकदा बदलला की शंभर चित्रांत बदलतो. दुपारचा प्रसंग संध्याकाळचा करायचा असेल तर चित्रांना हात न लावता दुसरी पॅलेट लावायची. जपानी रंगविभाग असंच काम करतो: एका पात्राच्या दुपारच्या, रात्रीच्या, आगीजवळच्या वेगळ्या रंगयाद्या.

जपानी रेखाचित्रात सावलीची कड निळ्या पेन्सिलीने आणि चमकेची कड लाल पेन्सिलीने काढतात. काळी रेघ शेवटपर्यंत राहते, रंगीत रेघ शेजारच्या रंगात विरून जाते. ओपनटून्झच्या क्लीनअपमध्ये (स्कॅन केलेल्या रेघा स्वच्छ करणाऱ्या सोयीत) रेषेचा प्रकार रंगीत ठेवला की तो लाल, निळी आणि काळी रेघ वेगळी ओळखतो. मग पॅलेटमधल्या लाल-निळ्या रेघेला ऑटोपेंट लावून ठेवायचं. रंग भरताना ती रेघ आपोआप त्याच रंगाची होते. नेमकी हीच पायरी बहुतेकजण गाळतात आणि सावलीच्या कडेला निळी दोरी राहते. पेन्सिलीबाबत एक सूचना: फिकट आकाशी पेन्सिल क्लीनअपला सापडत नाही आणि रंग बाहेर सांडतो. गडद निळी, टोक काढून, दाब सारखा ठेवून वापरा. रेघेत फट राहिली तर गॅप चेक चालू करून बघा, टेप टूलने सांधा, आणि गरज पडली तर त्या टूलमधलं अंतर वाढवा. अंतर फार वाढवलं तर बोटांच्या मधल्या मोकळ्या जागाही बंद होतात, म्हणून हाताच्या चित्रांना ते कमी ठेवा.

सावली कुठे आणि कोणत्या रंगाची, याबाबत जपानी पडदा जसाच्या तसा उतरवला की विदर्भ खोटा दिसतो. टोकियो ३५ अंश उत्तरेला आहे, नागपूर २१ अंशांवर. मे महिन्याच्या शेवटी आपल्याकडे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. माणसाची सावली पायाखाली गोळा होते. चेहऱ्यावर ती भुवईखाली, नाकाखाली, खालच्या ओठाखाली आणि टोपीच्या काठाखाली पडते. जपानी चित्रांत सर्रास दिसणारी गालाच्या एका बाजूची तिरपी सावली इथे सकाळी नऊच्या आधी नाहीतर संध्याकाळी चारनंतरच खरी. रंगाचंही तसंच. तिकडे सावली निळी-जांभळी करतात. आपल्याकडे उन्हाळ्यात आकाश धुळीने पांढुरकं असतं, त्यामुळे सावलीत निळाई थोडी, आणि मुरमाच्या रस्त्यावरून उसळलेला उजेड हनुवटीखाली, हाताच्या आतल्या बाजूला पिवळट तांबूस पडतो. काळ्या मातीच्या वावरात उसळी नसल्यासारखीच, तिथे सावली जड आणि थंड ठेवा. स्टाइल एडिटरमध्ये (रंग बदलायच्या खिडकीत) मूळ रंगाचा उजळपणा २५ ते ३० टक्क्यांनी उतरवून सुरुवात करा, मग छटा रस्त्यासाठी नारिंगीकडे, पावसाळ्यासाठी निळ्याकडे ढकला. पोळ्याच्या दिवसांत, ओल्या हवेत, जपानी निळी सावली इथेही चपखल बसते.

कागदावर काढणाऱ्यांसाठी साहित्य स्वस्तात होतं. स्टुडिओचा तीन छिद्रांचा कागद आणि तो अडकवायची खुंट्यांची पट्टी मागवायची गरज नाही. ऑफिसातलं साधं दोन छिद्रांचं पंच ६ मिलिमीटरची छिद्रं ८० मिलिमीटर अंतरावर पाडतं. तेवढ्याच अंतरावर ६ मिलिमीटरच्या दोन लाकडी खुंट्या सुताराकडून पट्टीवर ठोकून घ्या. खुंटी सैल बसली तर चित्र थरथरतं, म्हणून ती किंचित जाड ठेवून काचपेपरने घासत बसवायची. ए४ झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद एलईडी पॅडवर (खालून उजेड देणाऱ्या पाटीवर) चालतो. ७० जीएसएमचा खोडरबराने सुरकुततो. एका वेळी एकच कागद पंचाच्या तळापर्यंत सरळ लावून पाडा, गठ्ठा पाडला की छिद्रं तिरपी जातात.

आणि कूलर. एप्रिल-मेमध्ये इकडे कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरच्या ओल्या वाऱ्यात कागद फुगतो. सकाळी कोरड्या हवेत काढलेलं मुख्य चित्र आणि दुपारी कूलरसमोर काढलेलं मधलं चित्र एकमेकांवर बसत नाही, चेहरा श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होतो. कागदाचा गठ्ठा झाकणाच्या डब्यात ठेवा, एका शॉटची सगळी रेखाचित्रं एकाच बैठकीत काढा, कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नका.

स्कॅनर असेल तर २०० डीपीआय पुरे. कागद काचेच्या एकाच कोपऱ्याला टेकवून ठेवा. सॉफ्टवेअरमधलं छिद्रं ओळखून चित्र सरळ करणारं ऑटोसेंटर स्टुडिओच्या पट्ट्यांसाठी आहे, ऑफिस पंचाच्या छिद्रांवर त्याचा भरवसा धरू नका. फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि मागे चार आकडी क्रमांक, मधे टिंब, अशी द्या, म्हणजे अख्खी मालिका एकच लेव्हल (एका थराचा चित्रसंच) म्हणून उघडते. स्कॅनर नसेल तर फोन संगणकाला वेबकॅम म्हणून जोडून कॅमेरा कॅप्चरमधून चित्रं घेता येतात. हालचाल तपासायला हे उत्तम. रंगकामाला नाही, कारण खोलीतल्या उजेडाचा डाग प्रत्येक चित्रात वेगळा पडतो आणि क्लीनअप गोंधळतो.

तोंडाच्या हालचालीत ओपनटून्झची तयार सोय अमेरिकी पद्धतीची आहे, दहा वेगवेगळ्या तोंडांची. ती सोडून द्या. जपानी टीव्ही मालिकेत बहुतेक वेळा तीन तोंडं पुरतात: मिटलेलं, अर्धं, उघडं. आवाज चित्रानंतर देतात, त्यामुळे अक्षरागणिक तोंड जुळवायचा आग्रह नसतो. मराठीत मात्र एक गोष्ट डोळ्याला खुपते: प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटले नाहीत तर वाक्य परभाषेतून आणल्यासारखं दिसतं. ‘बाबा, पानी पाजलं का बैलाईले?’ या वाक्यात ओठ पाच वेळा मिटतात. त्या पाच जागांवर मिटलेलं तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवा, बाकी अर्धं आणि उघडं तीन-तीनवर फिरू द्या.

आवाज देणारी माणसं शोधायला मुंबई-पुण्याकडे बघायचं कारण नाही. झाडीपट्टी रंगभूमीचे नट गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात आहेत, दिवाळीनंतरचा हंगाम संपला की मोकळे असतात आणि रात्रभर नाटक ओढून नेण्याइतका त्यांचा दम आहे. फक्त तो आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेसाठी कमावलेला असतो. माइक तोंडापासून हातभर लांब ठेवा आणि आधी कुजबुजीचा संवाद घ्या, मग आरडाओरडीचा. उलट क्रमाने घेतलं तर कुजबुज हाती लागत नाही.

पार्श्वचित्रांबाबत आमचं मत ठाम आहे. जपानी स्टुडिओ जागा बघायला माणसं पाठवतात, फोटो काढतात, विजेचे खांब, मीटरची पेटी, गटाराचं झाकण सगळं टिपतात. त्या अ‍ॅनिमेतलं गाव खरं वाटतं ते यामुळे. परक्या नकलाकाराने ते गावच उचललं, साकुराची झाडं आणि सरकत्या दाराची शाळा काढली, तर त्याच्या हाती दुसऱ्याच्या निरीक्षणाची छायाप्रत राहते. कवेलूच्या छपराची उतरण, गावच्या डीपीभोवतीची वाकलेली जाळी, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची योजनांची यादी, कापसाचे ढीग पडलेला व्हरांडा, एवढ्याच बारकाईने टिपा. जपानी रीत ती हीच. क्षितिजरेषा आधी ठरवा. आजी थांब्यावर बसलेली असेल तर कॅमेऱ्याची नजर तिच्या डोळ्याच्या उंचीवर. उभ्या माणसाने काढलेल्या मोबाइल फोटोवरून चित्र गिरवलं तर आजी तिरप्या जमिनीवर घसरल्यासारखी दिसते.

हाताने रंगवणार असाल तर तालुक्याच्या दुकानात मिळणारे कॅमलिनचे पोस्टर कलर चालतात. जपानी पार्श्वचित्रकारही पोस्टर कलरच वापरत आले, आणि कॅमलिन तर २०११पासून कोकुयो या जपानी कंपनीकडेच आहे. इथल्या उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळतो आणि आकाशाच्या उतरत्या छटेत पट्टे पडतात. कागद आधी मागून-पुढून ओला करून बोर्डावर चिकटवा, रंग तीन वाट्यांत आधीच कालवून ठेवा आणि पहाटे रंगवा.

थर एकत्र आणण्याचं काम एफएक्स स्कीमॅटिकमध्ये (थर आणि परिणाम जोडायच्या आराखड्यात) होतं. इथे जिब्लीची भर सरळ दिसते: नावात ‘इवा’ असलेले परिणाम तिथल्याच कामातून आले आहेत. त्यातला बोके लांबचा दिवा खऱ्या भिंगातून दिसल्यासारखा गोल पसरवतो आणि साध्या धूसर परिणामापेक्षा कितीतरी सरस आहे. पण मशीन साधं असेल तर एका शॉटला दोनपेक्षा जास्त परिणाम लावू नका, आणि चकाकी, धूर, उडते कण यांनी कच्चं चित्र झाकू नका. वरून खाली गडद होत जाणारा एक पारदर्शक थर घातला तरी चित्र स्थिरावतं.

मशीनचं म्हणाल तर ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर १९२०×१०८० चा शॉट उघडतो, पण चालवून बघताना अडखळतो. आउटपुट सेटिंगमध्ये श्रिंक २ (निम्मं माप) करून तपासणी करा, शेवटी पूर्ण मापात काढा. एमपी४ काढायला एफएफएमपेग हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं, ते सापडत नसेल तर त्याची जागा प्रेफरन्सेसमध्ये दाखवावी लागते. ते राहिलं की आउटपुटच्या यादीत एमपी४ दिसतच नाही. एमपी४ निघो न निघो, दर फ्रेमच्या वेगळ्या चित्राची पीएनजी मालिका काढून ठेवा. वीज मधेच गेली तर अर्धी एमपी४ फाइल वाया जाते, पीएनजी जिथे थांबली तिथून पुढे काढता येते.

विजेवरून सगळ्यात महत्त्वाचं. ओपनटून्झमध्ये सीन (शॉटची मांडणी) आणि त्यातली चित्रं वेगळ्या फायलींत असतात. फक्त सीन जतन केला तर शीट वाचते, चित्रं जातात. कायम सेव्ह ऑल वापरा. प्रेफरन्सेसमध्ये ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा आणि सीनबरोबर चित्रांच्या फायलींचीही खूण लावा. सॉफ्टवेअर स्वतःहूनही कधी बंद पडतं, विशेषतः लांबलचक अन्डू करताना, तेव्हा ही खूण कामी येते. प्रोजेक्टचं फोल्डर दुसऱ्या जागी हलवताना ते अख्खं हलवा, एकटी सीनची फाइल पेनड्राइव्हवर नेली की दुसऱ्या मशीनवर सगळे थर लाल दिसतात.

हे कोणाला नको? ज्याने अजून वहीच्या कोपऱ्यात पानं फडफडवून चेंडूसुद्धा उडवलेला नाही, त्याला ओपनटून्झची पडदाभर बटणं पाहून धडकी भरेल. मराठीत किंवा हिंदीत मेन्यू नाहीत. अशाने याच सॉफ्टवेअरवरून निघालेलं ताहोमा२डी आधी घ्यावं. तेही मोफत, मांडणी सोपी, एक्सशीट तीच, एफएफएमपेग सोबतच येतं. एकट्याने सगळं करू पाहणाऱ्यालाही जड जाईल. कामाची वाटणी करा: एकाने मांडणी आणि मुख्य चित्रं, दोघांनी मधली चित्रं, एकाने रंग. जपानी मालिकेच्या एका भागाला साधारण ३,००० ते ५,००० चित्रं लागतात, चौघांनी दोन मिनिटांच्या गोष्टीला ३०० धरावीत. आणि मधली चित्रं रंगाला जाण्यापूर्वी एकाच माणसाने, रोज एकाच वेळी, कागद खुंटीवर लावून फडफडवून तपासावीत. डोळ्यांतलं अंतर, कानाची उंची, पदराच्या चुण्यांची संख्या या तीन जागीच बहुतेक चित्रं चुकतात, आणि रंग भरल्यावर ती चूक दुरुस्त करायला दुप्पट वेळ लागतो.